फुलांच्या दिवसांतलं मरण

आमच्या सोआझारा वहिनीचा हातच असा, की तिने लग्न लावलेलं व्हॅनिलाचं फूल सहसा वाया जायचं नाही. हे फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्यात आत काटा घालून नर-मादी जुळवायची, तरच शेंग धरते. आमच्याकडे हे काम करणारी माशी नाही, बायका आहेत.

आणि गंमत बघा, गावात ती शेंग कुणी खात नाही. सगळी जहाजाने परदेशी जाते. तिकडच्या बाया कसल्या खिरीत घालतात देव जाणे! पण शाळेवर पत्रे आले ते ह्या शेंगेमुळे, नदीवर पूल झाला तो तिच्यामुळे, आणि राजधानीतलं सरकारही तिच्या करावर पोसतं.

ऐन फुलांच्या दिवसांत माझा भाऊ बेमियारा, वहिनीचा नवरा, झोपेतच गेला.

आमच्यात प्रेत घरात असेतो गावाने रानात कामाला हात लावायचा नाही. आणि मुलाने बापाचं तोंड बघेपर्यंत प्रेत हलवायचं नाही. त्यांचा मुलगा जाओनारी तामाताव्हच्या बंदरात हमाल, हीच व्हॅनिलाची खोकी जहाजावर चढवायचा. निरोप गेला होता, पण रस्ता वाहून गेलेला. कधी पोचेल, सांगता येत नव्हतं.

सगळा गाव अंगणात बसला. जो तो मान वळवून डोंगराकडे बघायचा. तिथे फुलं सुकत होती. मला असा संताप आला! माझा भाऊ आत पडलाय आणि ह्यांना फुलांची पडलीय! पण खरं सांगते, रडू मलाही येत नव्हतं. माझ्याही वेली तिथेच होत्या.

एक सकाळ तशीच गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच वहिनी उठून गावच्या वडीलधाऱ्या लेझोमाबाबांपुढे उभी राहिली.

"बाबा, आत्ताच पुरा त्यांना."

"अगं, पोरगा वाटेत आहे. बापाचं तोंड तरी बघू दे त्याला."

"गावाचं वर्ष बुडेल."

"वेड लागलंय का वहिनी तुला?" मी ओरडले. "नवरा आहे तो तुझा!"

"माझाच आहे ना? मग मी सांगते. उचला."

कुणी आढेवेढे घेतले नाहीत. मला तेच जास्त लागलं. पुरून आम्ही सगळे तसेच रानात गेलो, वहिनीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी जाओनारी आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. घरी कुणी नाही म्हणून थेट मळ्यात.

"आई, बाबा कुठायत?"

"पुरलं रे काल."

"माझ्याशिवाय? कुणी सांगितलं?"

"मीच."

मला वाटलं, आता भांडेल, निदान पिशवी तरी आपटेल. त्याने ती हळूच खाली ठेवली. म्हणाला, "चेहरा कसा होता गं त्यांचा?"

वहिनीचा हात थांबला. डोळे कोरडेच.

"नीट बघितलाच नाही रे मी," ती म्हणाली. "ऊन चढत होतं."