केलं कोणं?

टीव्हीवर बातम्या लागल्या की नर्सबाई खुर्ची पुढे ओढायच्या आणि पडद्याकडे बोट रोखायच्या. "पूल पडला म्हन्ते. बांधला कोणं, ते सांग ना बे!" निवेदक तोवर पुढच्या बातमीकडे गेलेला असे. 'गुन्हा दाखल करण्यात आला', 'चौकशीचे आदेश देण्यात आले', अशा वाक्यांशी त्यांचं हाडवैर होतं. मी तहसील कार्यालयात कारकून. दिवसभर हेच लिहून घरी यावं, तर भिंतीपलीकडून आवाज यायचा, "केलं कोणं? नाव नाही का त्याले?" माझी बायको म्हणायची, तुम्हालाच विचारताहेत, द्या उत्तर.

टीव्हीशी भांडणारं कोणीतरी तुमच्याही गल्लीत असेलच. पण आमच्या मोताळ्याच्या गल्लीत बाईंना भांडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, हेही खरं. नवरा लवकर गेला. सरकारी दवाखान्यातली नोकरी संपली. एकुलता एक मुलगा पुण्यात, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. बाईंना कमी ऐकू येई, म्हणून ओट्यावर बसून स्पीकर लावून बोलायच्या. त्यामुळे त्याच्या घरी काय शिजलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक. त्या फोनसाठी शनिवारी संध्याकाळीच मोबाईल चार्जिंगला लागायचा.

नोकरीतली एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. एका बाळंतिणीचं मूल दगावलं. डॉक्टर आतच बसून राहिले, बातमी सांगायला शिपायाला बाहेर पाठवायचं ठरलं. बाई स्वतः व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी तिच्या भावासमोर उभं राहून सांगितलं. त्याने थोबाडीत मारली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. मारलं आन् माह्याच खांद्यावर रडला. त्याले कोणीतरी समोर पाहिजे होतं, भाऊ."

गेल्या वर्षी कंपन्यांतल्या कपातीच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या गल्लीत प्रत्येकाचं मत तयार होतं. किराणावाला म्हणाला, नवीन शिकत नाहीत, मग जाणारच. मी म्हणालो, सरकारनं बघायला हवं. बाई म्हणाल्या, "काढण्यात आले म्हन्ते. आपोआप निघाले का ते?" आणि रविवारी त्यांनी मुलालाच विचारलं.

"तुह्या कंपनीतबी काढले का रे?"

"हो आई. कंपनीनं काढले काही."

"कंपनी म्हंजे कोण?"

तो हसला. मग हळू म्हणाला, "माझ्या लोकांची नावं मीच दिली. वरून सांगितलं होतं. सगळ्यांना मेल गेला."

"आन् ते आपली डोणगावची पोरगी?"

"ती पण."

ही मुलगी त्याच्या हाताखाली होती. एका दिवाळीला त्याच्याच गाडीतून आली होती, बाईंकडे जेवून मग गावी गेली होती.

"तू बोलला तिच्याशी?"

"आई, तसं बोलायचं नसतं. नियम असतो."

"फोन कर तिले. तुह्या तोंडानं सांग. मंग मले कर." बाईंनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाई मांडीवर मोबाईल घेऊन ओट्यावर बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या, "तुमच्याकडं रेंज हाय का?" मी म्हणालो, तुम्हीच करा ना, लेकरूच आहे. त्यांनी मान हलवली. "मी केला तं तो तिले कधीच नाही करणार."

एका सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून दारात आल्या. "डोणगावले चाल्ता का भाऊ? तो नाही सांगत, तं आपण सांगू."

बुलढाण्याला गाडी बदलून मेहकरमार्गे आम्ही दुपारी पोचलो. अंगणात सोयाबीन वाळत होतं. मुलीच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. बाई बसल्या नाहीत. "तुमच्या पोरीले माह्या पोरानं कामावरून काढलं. सांगाले त्यानं याले पाहिजे होतं. मी त्याची माय, माफी मांगाले आली."

वडील हसले. घर चुकलं असं त्यांना वाटलं असावं. "कामावरून कशी काढन बाई? कामावरच हाय ते. आत बसली लॅपटॉप घेऊन. घरूनच करते आता."

तेवढ्यात मुलगी दारात आली. एका कानात इअरफोन तसाच होता. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही, वडिलांकडे पाहिलं. त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"मी सांगणारच होते, बाबा. दिवाळी झाल्यावर," ती म्हणाली आणि आत गेली.

"चहा घेऊन जा," वडील सोयाबीनकडे बघत म्हणाले. आम्ही चहा घेतला.

परतीच्या गाडीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मेहकर मागे पडल्यावर म्हणाल्या, "तिनं घरी सांगतलं का नाही, ते नाही इचारलं मी. हे तं मी केलं, भाऊ."

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला; डोणगावची गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी. या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. मला एवढंच ऐकू आलं, "हाव... हाव... चुकलं माह्यं."

मग सगळा हिवाळा फोन नाही. टीव्ही बंद. ओट्यावर बसणंही सुटलं. मी रोज संध्याकाळी त्यांचं दार वाजवायचो. त्या आतूनच म्हणायच्या, "जिती हाय."

ऊन तापायला लागलं तेव्हा मुलगा आला. गाडी धुळीनं माखलेली. "डोणगावहून येतोय, काका," तो म्हणाला. "नाव मी दिलं होतं, हे सांगितलं. तिच्या वडिलांनी बसा म्हटलं नाही. उभ्यानंच सांगितलं."

"आणि ती?"

"मेहकरला क्लासमध्ये शिकवते आता. माझ्याशी बोलली नाही. निघताना आईची तब्येत विचारली, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी तो बाईंना पुण्याला घेऊन गेला. बाईंनी माझ्या बायकोला तुळशीची कुंडी दिली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा त्यांना लावता येईना. मुलगा बाहेरून वाकून लावू लागला. त्याचं डोकं त्यांच्या हनुवटीखाली आलं, तसा बाईंचा हात उठला आणि त्याच्या केसांवर टेकला. पट्टा लागल्यावरही तो लगेच सरळ झाला नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाली. दुपारी त्यांच्या ओट्यावर एक कुत्रं येऊन झोपलं. त्याला कोणी हाकललं नाही.