पप्पांच्या खिशातला रविवार

बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मी पप्पांच्या शर्टाच्या खिशात घोरलो. गप्प बसणं एवढं एकच काम मला नेमून दिलं होतं. तेही जमलं नाही.

खिशात मी कसा गेलो ते आधी सांगायला हवं.

तेव्हा मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात शिकत होतो. शिकत होतो म्हणजे वर्गात बसत होतो, लायब्ररीत उबेला जात होतो, आणि सोमवारी केलेली खिचडी गुरुवारपर्यंत पुरवत होतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री एका गोदामात खोकी लावायचं काम करायचो. दुःख वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की ओठ आपला राहत नाही ना, तसा मी सगळाच होतो. चावलं तरी कळायचं नाही, आणि लाळ गळतेय का, हे दुसऱ्याला विचारायची वेळ.

घरात बरोबर राहणारी मुलं भली होती. सुरुवातीला एका शनिवारी त्यांनी मला समुद्रावर नेलं. समुद्र राखाडी होता, आकाशही त्याच ताग्यातलं कापलेलं. सगळ्यांनी चिप्स खाल्ल्या. माझ्या चिप्स एका पांढऱ्या पक्ष्याने माझ्या हातातून खाल्ल्या आणि मी त्याला हाकललंसुद्धा नाही. पुडा रिकामा झाल्यावर कागद घडी करून खिशात ठेवला. त्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतर मी शनिवारी दिवसभर झोपायला लागलो. ते मात्र फिरत राहिले आणि त्यांचे फोटो मी घरी पाठवत राहिलो: किल्ला, तळं, दगडी पूल. आई विचारायची, अरे, तू कुठे दिसत नाहीस. मी सांगायचो, फोटो मीच काढतो ना.

खिशाची सुरुवात पप्पांच्या चुकीने झाली. रविवारी सकाळी माझ्याशी बोलता बोलता ते भाजीबाजारात पोहोचले आणि कॉल न तोडताच फोन खिशात टाकला. मीही आठवण करून दिली नाही. पप्पा अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेले. शर्ट अजून शिवून घेतात, आणि त्यांच्या शिंप्याचा खिसा असा की फोनचा डोळा नेमका काठावर येतो. मला आभाळ दिसत होतं, विजेच्या तारा, कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक आणि मधूनच पप्पांची हनुवटी. मेथीवाल्या बाईशी त्यांची जुडीवरून झालेली हुज्जत मी शेवटपर्यंत ऐकली. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "येतोस का रे?" मी म्हटलं, येतो.

तेव्हापासून माझी सहल ठरलेली. त्यांची सकाळ म्हणजे माझी पहाट, गोदामातून नुकताच आलेलो. कधी गंगापूर धरण, कधी नुसतंच गाडीत पेट्रोल भरायला. तांदूळ घ्यायला घोटीला गेलो तेव्हा पप्पांनी नेहमीसारखे दोन दाणे दाताखाली फोडले आणि तो आवाज मला त्यांच्या छातीतून ऐकू आला. फार काही वाटलं असं नाही. पण गादीवर उठून बसलो होतो, हे आठवतं.

बहीण माझ्याहून धाकटी, अंबडलाच एका कंपनीत नोकरीला. तिथल्याच एका मुलाशी तिने जमवलं होतं. मुलगा दिंडोरीचा, घरची द्राक्षबाग. वडील नाहीत, घरात शब्द चालतो तो चुलत्यांचा. मुलाने त्यांना कसंबसं बैठकीला राजी केलं होतं. ते हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर मुलगा त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हता, हे बहिणीला पक्कं माहीत होतं. आदल्या दिवशी तिने मला फोन करून बजावलं की या रविवारी खिशात यायचं नाही. पप्पा म्हणाले, घरातला मोठा मुलगा आहे, त्याला कसं वगळायचं, गुपचूप ऐकेल. शेवटी तिने अट घातली: श्वाससुद्धा मोठा घ्यायचा नाही.

श्वासाचीच भानगड झाली.

मला दिसत होतं ते मुलाच्या घरच्या पडवीचं छत आणि एक पंखा. चुलते फवारणीबद्दल बोलत होते, मग द्राक्षमण्यांच्या साखरेबद्दल, मग परत फवारणीबद्दल. आवाज खालच्या पट्टीतला, एकसुरी. मी टोपी कपाळापर्यंत ओढली, पांघरूण हनुवटीपर्यंत. माझ्या बाजूचा आवाज बंद करायचा राहून गेला. पप्पा त्यांना सांगत होते की पोरगा तिकडे मजेत आहे, दर शनिवारी कुठे ना कुठे फिरायला जातो. तेवढं ऐकलेलं मला आठवतं.

पुढचं आईने सांगितलं. आधी सगळ्यांना वाटलं, बागेत कुणी फवारणीचा ब्लोअर चालू केलाय. मग मुलाच्या आईने खाटेखालच्या कुत्र्याला हाकललं. कुत्रं गेलं, आवाज राहिला. चुलत्यांची नजर फिरत फिरत पप्पांच्या खिशावर आली.

"पाव्हणं, खिशात कोण हाय?"

पप्पांना खोटं बोलता येत नाही. "मुलगा," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"आमचाच."

चुलत्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. घरात येऊन फोनवर कुणाला ऐकवताय, टेप करताय का, असं त्यांनी विचारलं. पप्पांनी घाईघाईने फोन काढला आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. आता सगळ्यांना मी दिसत होतो: तोंड उघडं, अंगात जाकीट, तोंडातून वाफ, मागे दोरीवर वाळत घातलेले मोजे आणि भिंतीवर बुरशीचा भलामोठा डाग. आई म्हणते, ती खोली तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मी नेहमी खिडकीच्या पडद्याकडे पाठ करून बसायचो.

चुलत्यांनी हाक मारली. मी दचकून उठलो. समोर आठ-दहा डोकी. मला वाटलं गोदामातला सुपरवायझर, आणि मी त्याला नेहमी सांगायचो तेच इंग्रजीत सांगितलं: "सॉरी सर, टॉयलेटला गेलो होतो."

कुणी हसलं नाही. बहिणीने डोळे मिटून घेतले.

"शनवारी कुठं फिरायला गेलता?" चुलत्यांनी विचारलं.

झोपेत माणूस खरं बोलतो. "कुठे नाही. झोपलो होतो."

त्यांनी पप्पांकडे पाहिलं. मग म्हणाले, चहा घ्या, आम्ही कळवतो.

कळवतो म्हणजे काय, हे लग्नाच्या बाजारात सगळ्यांना कळतं. परतीच्या वाटेवर बहिणीनेच फोन बंद केला. नंतर ती माझ्याशी बोलेना. पप्पांनी एवढाच मेसेज पाठवला की जाड ब्लँकेट घे. पुढच्या रविवारी खिसा रिकामा. मी सवयीने पहाटे जागा होतो. छताकडे बघत बसलो. बहिणीचं आयुष्य आपण नासवलं, असं स्वतःला दोन-तीनदा सांगून पाहिलं. वाक्य बरोबर होतं, पण आत कुठे जाऊन लागत नव्हतं. मग उठून टोस्ट खाल्ला.

घरातल्या मुलांना माझा चेहरा बघवेना, म्हणून त्यांनी मला एका पडक्या किल्ल्यावर नेलं. हाच किल्ला मी पूर्वी घरी पाठवला होता. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत मी भिंतीखाली बसलो असताना फोन वाजला. अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. उचलला तर द्राक्षाचा मांडव आणि त्याखाली चुलते.

"टॉयलेटला तर नाय ना?"

नाही म्हटलं.

त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. सरळ म्हणाले, "येक सांग. तुझा बाप आमच्यापुढं खोटं का बोलला?"

मी सांगितलं की पप्पा खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नव्हतं. दुसऱ्यांचे फोटो मी पाठवायचो, ते खरे मानायचे.

"आन् बहिणीला ठावं हुतं?"

"नाही. तिने तर मला बैठकीला येऊच नको म्हणून सांगितलं होतं."

"म्हंजे तिला अक्कल हाय." मागे कुणीतरी क्रेट आपटत होतं. "तर थापाड्या तू हायेस. बाप नाय, पोरगी नाय."

"हो."

"आत्ता कुठं हायेस?"

मी फोन फिरवून किल्ला दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, विश्वास बसत नसल्यासारखा.

"मग आमची काय हरकत नाय," ते म्हणाले. "घरात आम्हाला पोरगी आणायची हाय, तुला थोडंच आणायचंय."

फोन बंद झाला. मी पिशव्या मोजल्या, सगळ्या होत्या.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला, त्या बैठकीनंतरचा पहिला. चुलते स्वतः घरी येऊन गेले होते, नारळ ठेवून, साखरपुड्याचं बोलून. ती भराभर सांगत होती, मधेच रडली, परत हसली. आता आपल्याला आनंद व्हायला हवा, हे मला समजत होतं. मी त्याची वाट पाहिली. तिची वाक्यं संपली, आणि पलीकडे तीही वाट पाहत होती.

"छान," मी म्हणालो.

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "दादा, माझं लग्न ठरलंय. भाजीत मीठ कसं झालंय, ते नाही विचारलं मी तुला."