गाडीला पाणी

आमच्याकडे सकाळी आधी गाडीला पाणी मिळायचं, मग माणसांना चहा. बाबांचा तो नेमच होता. अंघोळ झाली की बादली आणि तांब्या घेऊन ते पोर्चमध्ये जायचे, बॉनेट उघडायचे, इंजिनाशेजारच्या टाकीचं झाकण काढून तिच्यात काठोकाठ पाणी भरायचे. मग ओल्या फडक्याने सगळी गाडी पुसायची. मगच आईच्या हातचा कप. वाशिमकडे जीप चालवायला शिकले तेव्हा त्यांच्या उस्तादाने हे त्यांच्या अंगी बाणवलं होतं. माणूस उपाशी निघाला तरी चालेल, पण गाडी तहानलेली निघायला नको.

गाडी अर्थातच आमची नव्हती. प्रभात रोडवरच्या एका बंगल्यात बाबा ड्रायव्हर होते आणि ही त्या साहेबांची जुनी जर्मन गाडी. साहेबांचा कारखाना जोरात होता तेव्हा घेतलेली. पुढे कारखाना विकला, गाडी राहिली. गाडी होती म्हणून बाबा होते, आणि बाबा होते म्हणून बंगल्यामागची एक खोली आमची होती. साहेब रोज खिडकीत बसून चहा घेताना बाबांचं पाणी भरणं बघायचे. पाहुणे आले की सांगायचे, "आमची गाडी माझ्या आधी ब्रेकफास्ट करते."

मी तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे बंगल्यात काहीही बिघडलं, अगदी मिक्सर बिघडला तरी, साहेब म्हणायचे, "इंजिनिअरला बोलवा." उष्णतेचा प्रवाह कसा होतो यावर मी परीक्षेत पानं भरून लिहू शकत होतो. प्रत्यक्षात बॉनेट उघडायची कडी कुठे असते, हे मला बाबांनी दाखवलं होतं.

त्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. विद्यापीठ चौकात सिग्नलला थांबलं की काटा लाल रेषेकडे सरकायचा. चौकातून हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस एकामागून एक जायच्या, आणि आमची गाडी कडेला, बॉनेट वर करून, वाफ सोडत उभी. एकदा साहेबांना तिथून रिक्षाने घरी यावं लागलं. त्या आठवड्यात त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाचा फोन आला. विकून टाका, म्हणाला. फोन केला की कॅब दारात येते, मग म्हातारी गाडी आणि तिच्यासाठी पगारी माणूस कशाला?

साहेबांनी बाबांना बोलावलं. मीही मागे जाऊन उभा राहिलो.

"हे बघा ड्रायव्हरसाहेब," ते म्हणाले, "शेवटचा खर्च करतो. काय बदलायचं ते बदलून घ्या. मग आपण मुलीकडे साताऱ्याला जाऊ. खंबाटकी घाट न तापता चढली, तर गाडी राहील. नाही चढली, तर दोघं एकदम रिटायर व्हा. निरोप समारंभ एकाच खर्चात होईल."

हे ते हसत म्हणाले. पण पुण्यात असं हसत म्हटलेलंच खरं असतं, हे आम्हाला एव्हाना कळलं होतं.

बाबांना दुसरं काम मिळालं नसतं असं नाही. हिंजवडीला कॅबवर माणसं हवीच होती. पण त्या सगळ्या रात्रीच्या पाळ्या, आणि बाबांना मोतीबिंदूची सुरुवात होती. समोरून लाइट आला की तो डोळ्यात फुटतो, असं ते म्हणायचे. हे आई आणि मी सोडून कोणाला माहीत नव्हतं.

गाडी दत्तवाडीतल्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक बोलका होता. हात आणि तोंड एकाच वेगाने चालायचं. त्याने रेडिएटरचा खालचा पाइप सोडला, तसं खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये चहासारखं तांबूस पाणी पडलं, आणि पाठोपाठ गाळ. त्याने ट्रेकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"या गाडीला पाणी कोण घालतं?"

"मी," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता. "रोज. एक दिवस चुकला नाई."

"साधं?"

"साधं म्हंजे? नळाचं. खडकवासल्याचं पाणी हाये बाप्पा, अमृत. पिऊन पाह्य."

"मी रोजच पितो हो काका. मला चालतं. हिला चालत नाही."

मग त्याने समजावून सांगितलं. या गाडीत कंपनीचं हिरवं कूलंट असतं. ते इंजिन गार तर ठेवतंच, पण आतला धातू गंजू देत नाही. टाकीवर खूण असते, तेवढंच भरायचं. बाबा भरायचे काठोकाठ. गाडी तापली की जास्तीचं पाणी झाकणातून बाहेर फेकलं जायचं आणि त्याबरोबर थोडं कूलंटही. सकाळी पातळी खाली दिसायची. बाबांना वाटायचं, गाडी प्यायली. ते पुन्हा भरायचे. असं होत होत आत निव्वळ पाणीच उरलं. त्याने पंपाची पाती खाल्ली, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चुना धरला, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकून बसला.

मेकॅनिकने काढलेला पंप बाबांच्या हातात दिला. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. बाबा त्यांवरून बोट फिरवत राहिले.

"साहेबांना सांगू, गाडी म्हातारी झाली," मेकॅनिक म्हणाला. "खोटं थोडीच आहे?"

बाबांनी पंप फडक्यात गुंडाळून घरी आणला.

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट, टाकी आणि सगळे रबरी पाइप बदलायचे ठरले. सामान मुंबईहून यायचं होतं. ते येईपर्यंतचे दिवस आमच्या खोलीत कोणालाच धड बसवलं नाही. कॉलेज सुटलं की मी गॅरेजवर जायचो, आज आलं का विचारायचो, नाही म्हटल्यावरही उगाच तिथे घोटाळायचो. बाबा सकाळी सवयीने पोर्चमध्ये जायचे आणि रिकाम्या फरशीकडे बघून परत यायचे. एकदा जेवताना मध्येच म्हणाले, "साहेबायले सांगा लागन."

"कायले?" आई म्हणाली. "गाडी नीट झाली, झालं. सांगसान तं म्हनतीन, यानंच मारली गाडी. मंग कुठं जाचं आपन?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत राहिलो. आईचं मला पटत होतं. बाबांचंही पटत होतं. दोन्ही पटणं म्हणजे काहीच मत नसणं, हे मला कळत होतं आणि त्यानेच जास्त अस्वस्थ वाटत होतं.

सामान आलं. नवे पाइप काळे, चकचकीत, नव्या चपलेसारख्या वासाचे. सगळं बसवल्यावर मेकॅनिकने कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी मिसळून भरायला घेतलं. पाणी विकत आणलेलं पाहून बाबा नुसते उसासले. आत अडकलेली हवा निघावी म्हणून भर मे महिन्यात गाडीचा हीटर पूर्ण चालू ठेवावा लागला. मी आत बसून काट्यावर नजर ठेवून होतो. बाबा बाहेर वाकून टाकीच्या स्क्रूपाशी येणारे बुडबुडे बघत होते. घामाने माझा शर्ट सीटला चिकटला. बुडबुडे थांबले. काटा मधोमध येऊन उभा राहिला.

"सुटलात काका," मेकॅनिक म्हणाला.

बाबांनी मान हलवली, पण सुटल्यासारखे दिसले नाहीत.

साताऱ्याला निघालो तेव्हा साहेब आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, मागे बसले. "इंजिनिअर बरोबर असू दे, धक्का मारायला," असं म्हणून साहेबांनी मला पुढे बसवलं होतं. कात्रजचा चढ गाडीने सहज घेतला. तरी बाबांचा हात स्टिअरिंगवर सारखा जागा बदलत होता. माझा पाय नकळत हलत होता; बाईंनी मागून विचारलंसुद्धा, "तुला बाहेर जायचंय का रे?"

घाट लागायच्या आधी साहेबांनी चहासाठी थांबायला सांगितलं. टपरीच्या बाकावर ते दोघं बसले. बाबांनी डिकी उघडली, फडक्यातला पंप काढला आणि साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलावं म्हणून मी दोन पावलं पुढे झालो, पण बाबांनी सुरुवात केली होती.

"साहेब, तुमाले एक सांगाचं हाये. गाडी म्हातारी नाई झाली. मी रोज पानी घालत होतो, त्यानं हे झालं. हिले ते चालत नोतं. मले मालूम नोतं."

साहेबांनी पंप उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे इतकी वर्षं मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो, ते विषप्रयोगाबद्दल?"

बाबांनी रिकाम्या फडक्याची घडी घातली.

"आणि हे आत्ता सांगताय? घाटाच्या पायथ्याशी?"

"वर गेल्यावर सांगनं झालं नसतं साहेब. गाडी चढली असती तं मी बोललोच नसतो. मले मायी सवय ठावूक हाये."

"तुम्ही रोज खिडकीत बसून बघत होतात ना?" बाई साहेबांना म्हणाल्या. "तुमचा तर कारखाना होता मशिनचा. तुम्हाला कळलं नाही ते यांना कसं कळणार?"

साहेबांनी चहा संपवला. कप ठेवला. "घाट अजून चढायचाय," एवढंच म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

चढाला लागलो. पुढे सिमेंटचा ट्रक रांगत होता. बाबांनी एसी बंद केला.

"लावा एसी."

"घाटात लोड येते, साहेब."

"एवढं नवं सामान घातलंय ना? मग लावा. बघू काय करते."

बाबांनी लावला. काटा मधल्या रेषेवरून हलला. केसभर. वळणावर ट्रकचा वेग आणखी कमी झाला, आम्ही जवळजवळ उभेच राहिलो. पंख्याचा आवाज वाढला. बाबांच्या मानेवरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला. काटा आणखी वर गेला नाही. मग सावकाश, नाइलाजाने आल्यासारखा, मधल्या रेषेवर परत आला. माथ्यावर पोचलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. साहेब डोळे मिटून बसले होते.

साताऱ्याला पोचलो. मुलीच्या घरी जेवणं झाली. बाबा अंगणात गाडीच्या सावलीत टेकले. मला बसवेना. मी नळाशी हात धुतले, पुन्हा धुतले. तेव्हा आतल्या खोलीतून साहेबांचा फोनवरचा आवाज आला. ते मुलाशी बोलत होते.

"नाही विकत. चढली व्यवस्थित... ड्रायव्हर? त्यानेच बिघडवली होती, त्यानेच सांगितलं. तुझा कॅबवाला सांगेल का, विचार त्याला... हो, हो, कायमची नाही. माझी तब्येत आहे तोवर. पुढचं तुम्ही बघा."

मी अंगणात जाऊन बाबांना ऐकलं तसं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य गाळावं असं मनात आलं होतं, पण सांगून टाकलं.

"तब्येत हाये तोवर," बाबा म्हणाले. "म्हंजे आता त्यायची तब्येत सांभाळा लागन."

मग एकदम उठले. साहेबांची औषधांची पिशवी मागच्या सीटवरच राहिली होती आणि दुपारच्या गोळीची वेळ टळत आली होती. पिशवी घेऊन ते घाईघाईने आत गेले.