बरणीतले बुडबुडे

...आणि बरणीतले बुडबुडे थांबले तसं आमच्या जावयाच्या तोंडचं पाणी पळालं! काल इथवर आलो आणि तुम्ही जांभया द्यायला लागलात. आता नीट ऐका.

जावई मूळचा पाव भाजणारा. तरुणपण सगळं बेकरीच्या भट्टीपुढं गेलं. घटकेघटकेला झाकण किलकिलं करून आत डोकवायचं, ही त्या धंद्यातली अक्कल. बेकरी बंद पडली आणि गडी एका कारखान्यात लागला. कारखाना कसला, दोन खोल्या! तिथं दुधाच्या फाटक्या पिशव्या, बाटल्यांची बुचं तापवून त्यांची वाफ करतात. ती वाफ भट्टीच्या लालभडक नळीत लोखंडाच्या भुकटीवरून जाते, आणि भुकटीवर कार्बनचे धागे उगवतात. केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, आणि वर आतून पोकळ! आमच्या शाळेत कार्बन म्हणजे चुलीतला कोळसा, संपला विषय. आता ती काळी पूड बॅटरीवाले जपून घेऊन जातात.

पण जावयाची खोड जाईना. सुरुवातीलाच यानं भट्टी गार व्हायच्या आत झाकण उघडून पाहिलं. वारा शिरला, धागे पेटले, उरली चिमूटभर तांबडी राख. मालकीणबाई म्हणाल्या, "पुन्हा माल जळला तर जा आपला पाव भाजायला." आणि बेकरीला तर कुलूप! तेव्हापासून माझ्या लेकीचा जीव टांगणीला.

तर वारा शिरू नये म्हणून भट्टी गार होईपर्यंत आतून नायट्रोजन सोडून ठेवतात. तो रबरी नळीनं बाहेर पडतो, आणि त्या नळीचं टोक पाण्याच्या बरणीत बुडवलेलं. बुडबुडे येताहेत तोवर चिंता नाही. त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर हा बरणीपुढं उकिडवा. नायट्रोजनच्या सिलिंडरचा काटा तळाला, नव्या सिलिंडरची गाडी वाटेत.

"मामा, बोलू नका."

"बोललो कुठं?"

"श्वास मोठ्यानं घेताय."

तेवढ्यात बुडबुडे थांबले. पाणी रबरी नळीतून वर चढायला लागलं. भट्टी गार होताना आत ओढ घेते ना! पाणी पोचलं तर तापलेली भट्टी तडकणार, वारा पोचला तर माल जळणार. यानं झडप घालून रबरी नळी चिमट्यानं आवळली. आम्ही दोघं दाराकडं कान लावून बसलो. एकदाची गाडी आली, नवा सिलिंडर जोडला, चिमटा सुटला, बुडबुडे परत आले. पण मधल्या वेळात एखाद्या फटीतून वारा शिरला की नाही, हे सांगणार कोण?

मालकीणबाई धावतच आल्या. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला माल बघायला येणार होता.

"वाचलं का रे? जरा किलकिलं करून बघ. मीच सांगतेय ना!"

जावयाचा हात झाकणाच्या मुठीवर गेलासुद्धा. म्हटलं, झालं, बुडालो. पण यानं हात मागं ओढला, विंचू चावल्यासारखा काखेत दाबला, आणि म्हणाला,

"बाई, जळलं असेल तर ते उद्याही जळलेलंच राहील. वाचलं असेल, तर बुडबुड्यांवर तुम्ही नजर ठेवा, आणि माझा हात पुन्हा तिकडं जायच्या आत मला घरी पाठवा."