बाजारातले नवे सेल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही मला आधी आठवतं ते दोन सेलचं प्रकरण.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मेहकर भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. खेड्यांत वीज यायची होती. अंधारात शेतकऱ्याला आधार असे तो अॅल्युमिनियमच्या स्वस्त बॅटरीचा. लोक तिला 'जर्मनची बॅटरी' म्हणत. आतले सेल संपले की बाजारच्या दिवशी नवे घ्यायचे.

जानेफळजवळच्या एका शेतकऱ्याला मिरचीला पाणी देऊन रात्री घरी येताना साप चावला. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. पोलीस पाटलाची खबर आली, पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. कागद वर पाठवायचे तेवढे राहिले होते. त्याच सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. सोबत दीर होता, पण बोलली तीच. पदरात गुंडाळून आणलेली बॅटरी तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"सायेब, हे सेल त्यायनं त्याच दिवशी बाजारातून आनले होते. म्या सोता बॅटरीत घातले. मंग ते वाटेतच इझली काऊन?"

"वैनी, आता इचारून काय फायदा?" दीर हळूच म्हणाला. "मानूस तर गेला."

"जाता जाता ते एकच बोलले, बॅटरी इझली म्हनून. मले समजलं पायजे, काऊन इझली."

मी बटण सरकवलं. उजेड पडला नाही. सेल बाहेर काढले. वरचा कागद कोरा करकरीत, पण तळाला लाखेचा ठिपका. दोन पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर एक सेल कापला. आतला मसाला ओलसर होता. जुन्या सेलला भोक पाडून आत नवसागराचं पाणी सोडलं होतं, भोक लाखेने बुजवलं होतं आणि वर नवा कागद चिकटवला होता. असा सेल दुकानात लख्ख पेटतो आणि थोड्या वेळाने मान टाकतो. दुसरा सेल मी मुद्देमाल म्हणून सील केला.

वरिष्ठ हसले. "सापावर गुन्हा नोंदवता काय?"

"सापावर नाही साहेब. सेल ज्याने बनवला, त्याच्यावर," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला हवालदाराला धोतर नेसवून पाठवलं. हवालदार वऱ्हाडातलाच, तासभर चहाच्या गाडीवर बसला आणि नेमकी खबर घेऊन आला. चहावाला त्याला म्हणाला होता, "तो फुटानेवाला पाह्यला का? मेलेल्या सेलवर फुटाने देते. लोकं घरातले जुने सेल हुडकून आनून राह्यले."

मेलेल्या सेलचं कोणाला काय काम? हवालदार फुटाणेवाल्याच्या मागोमाग एसटीत चढला. लोणारला सेलचं पोतं एका जनरल स्टोअरच्या मागच्या दाराने आत गेलं. आसपासच्या बाजारांत विकायला सेल जायचे तेही याच दुकानातून.

दुकानदार गावात वजन असलेला माणूस होता. त्याच्या दुकानातून पंचांसमोर दोन सेल घेतले आणि त्याला ठाण्यात आणलं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. ते दोन सेल बॅटरीत घातले, ती पेटवून त्याच्यासमोर उभी ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलत बसलो. हात उगारायची मला कधी फारशी गरज पडली नाही. खोटं बोलणाऱ्याला वेळ दिला की तो स्वतःच थकतो.

"सायेब, माल वरून येते. मी फक्त विकतो," तो म्हणाला.

"बरोबर आहे. चहा घ्या."

त्याची नजर माझ्याकडे नव्हती, बल्बवर होती. उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस. कपातला चहा तसाच निवला. बॅटरी विझली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "जानेफळच्या रस्त्यावरही अशीच विझली. तो माणूस घरी पोचला नाही."

"मानूस मरन असं वाटलं नोतं हो, सायेब," तो पुटपुटला आणि मागच्या खोलीची किल्ली काढून दिली. झडतीत मेलेल्या सेलचे ढीग, नवसागर, लाख आणि छापील कागदांचे गठ्ठे मिळाले.

फसवणुकीचं कलम लागलं. मृत्यूचा दोष त्याच्यावर कायद्याने ठेवता येईना. मी सरकारी वकिलांशी खूप भांडलो, पण टिकलं नाही. त्या बाईने मात्र साक्षीत एक शब्द बदलला नाही. शिक्षा झाली त्या दिवशी कोर्टाबाहेर मी तिच्यासमोर उभा राहिलो. शिक्षा कमी झाली म्हणून ती रागावेल, असं मला वाटत होतं.

तिने विचारलं, "सायेब, आता बाजारात सेल चांगले भेटतीन ना?"

"भेटतील," मी म्हणालो, आणि त्या भागात होतो तोवर दर बाजाराला माणूस पाठवून सेल तपासत राहिलो.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, घरच्या माणसांशी स्वतः बोलल्याशिवाय मी कुठल्याही अकस्मात मृत्यूचे कागद वर पाठवले नाहीत. बहुतेक वेळा काहीच निघत नसे. तरी त्यांच्यासमोर बसून ऐकायचं, हे मी सोडलं नाही.