किल्ल्यांचा जुडगा

शाळेत तीन वर्षांच्या शेंबड्या पोरापासून मिसरूड फुटलेल्या दहावीतल्या दांडगटापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. शिक्षक म्हणत, फादर म्हणत, आणि तपासणीला आलेले एक कडक साहेबसुद्धा चहाचा कप परत देताना म्हणून गेले. तिचं काम बालवर्गात. नाकं पुसायची, डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, उलटसुलट घातलेले बूट सरळ करायचे आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या सांभाळायच्या.

शाळेचा इतिहास कुणाला हवा असेल तर त्याने तो जुडगा बघावा. सगळ्यात जुनी, गंजलेली किल्ली चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीची. मोठ्या सिस्टरांनी शाळा काढली ती तिथे, लहानथोर सगळी पोरं एकाच खोलीत कोंबून. त्यातली सगळ्यात आधी येऊन बसलेली मुलगी म्हणजे ही मावशी, तेव्हा सहा वर्षांची. मग एकेक खोली वाढली, एकेक किल्ली वाढली. पितळेची मुलींच्या वर्गांची, दोन दातांची प्रयोगशाळेची. गच्चीची किल्ली मात्र अजून कोरी करकरीत. पुढच्या मजल्यासाठी म्हणून मोठ्या सिस्टरांनी हट्टाने सोडायला लावलेल्या सळया तिथे वर्षानुवर्षं उभ्या होत्या, आणि त्यांच्यावर फक्त कावळे बसत.

पण या शाळेची खोड अशी, की ती कायम मावशीच्या एक पाऊल मागे! ही चौथी पास झाली, तर पाचवीच नाही. हिने मोठ्या सिस्टरांचा झगा धरून विचारलं, "सिस्टर, पाचवी कधी सुरू होणार?"

"पुढच्या वर्षी, बाळ."

बाळ त्या भरवशावर मुद्दाम पुन्हा चौथीत जाऊन बसलं. पाचवी खरंच सुरू झाली, आणि रडतखडत सातवीपर्यंत शाळेने साथ दिली. आठवीला मात्र 'पुढच्या वर्षी' लांबतच गेलं. घरात धाकटी भावंडं होती, मग लग्न झालं. आठवीची खोली उघडली तेव्हा मावशीच्या कडेवर पोर होतं, आणि दहावी यायला तर इतकी वर्षं गेली की तिच्या पहिल्या तुकडीत तेच पोर बसलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

दरवर्षी शाळा उघडली की बालवर्गाच्या दारात नुसता आकांत. आया रडतात, पोरं रडतात, नव्या बाईंना रडू येतं. मावशी मात्र सगळ्यात मोठा भोंगा हेरायची, त्याच्या हातात तो जड जुडगा ठेवायची आणि म्हणायची, "किल्ल्या सांभाळ हं, आले मी." आणि सरळ निघून जायची. अख्खी शाळा ज्याच्या हातात, तो रडणार कसा? मावशी परत येईपर्यंत पोरगं नाक ओढत पहारा देत असायचं. आताच्या हेडसिस्टरही त्यातल्याच. त्यांच्या पहिल्या दिवसाच्या रडण्याने चर्चमध्ये फादरांची प्रार्थना थांबली होती, असं मावशी अजूनही त्यांच्या तोंडावर सांगते.

निवृत्ती जवळ आली तशी मावशीने घरी जाहीर केलं, "मी बाहेरून दहावीला बसणार."

नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात मेकॅनिक. हात पुसत म्हणाला, "या वयात दहावी होऊन काय दिवे लावणार आहेस?"

मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक मोठा बल्ब ओढून बसवला आणि म्हणाला, "दिवा मी लावला. आता तू बस."

बालवर्ग सुटला की मावशी दहावीच्या शेवटच्या बाकावर जायची. बालवर्गात ज्यांची नाकं पुसली, तीच पोरं तिला बीजगणित शिकवायला लागली, आणि वर दरडावायला लागली, "मावशी, लक्ष कुठंय तुमचं?" तिचं उत्तर चुकलं की पोरं कपाळाला हात लावायची. मावशीला त्याचा राग येत नव्हता. इतकी मजा तिला आयुष्यात क्वचित आली होती.

परीक्षा याच शाळेत होती. पहिल्या पेपरच्या दिवशी जुडगा हेडसिस्टरांकडे दिलेला, म्हणून मावशीचे हात रिकामे. फाटकाशी आली आणि पाय उचलेना. बालवर्गापासून फादरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की मावशी दहावीला बसतेय. गणितात उडाली तर कुठल्या तोंडाने ती पोरांना वर्गात न्यायची? हेडसिस्टर धावत आल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला घरी जायचंय," मावशी म्हणाली.

हे वाक्य तिने हजारदा ऐकलं होतं, म्हटलं पहिल्यांदाच.

सिस्टरांनी समजूत घातली नाही. जुडगा तिच्या हातात ठेवला. "किल्ल्या सांभाळा हं मावशी, आले मी," म्हणाल्या आणि मागे न बघता निघून गेल्या.

मावशीने हातातल्या जुडग्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती आत गेली. पर्यवेक्षकांनी जुडगा बाहेर ठेवायला सांगितला. "सिस्टर येईपर्यंत माझ्याच जबाबदारीवर आहे," असं तिने इतकं ठणकावून सांगितलं, की शेवटी त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि बाकावर समोरच ठेवू दिला.

मावशी पास झाली. गणितात अगदी काठावर, पण पास. नवऱ्याने कारखान्यात झाडून सगळ्यांना चहा पाजला. दहावीच्या पोरांनी तिला खांद्यावर घ्यायचा बेत केला होता, पण तिने कान उपटायची धमकी दिल्यावर टाळ्यांवर भागवलं. बालवर्गाला काही कळलं नाही, तरी सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनीच वाजवल्या. मावशी पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती, दोन्ही एकदमच.

गडबड ओसरल्यावर ती पटांगणात हेडसिस्टरांजवळ जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, अकरावी कधी सुरू होणार?"

'पुढच्या वर्षी' सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मान वर करून त्या गच्चीवरच्या सळयांकडे बघत राहिल्या.

"मावशी," त्या म्हणाल्या, "गच्चीची किल्ली काढा बरं."