हातभर खालची बत्ती

इंजिनांच्या शेडमध्ये दिवे ठेवायची जी खोली होती तिला सगळे बत्तीघर म्हणत आणि तिथे उभा जन्म काढलेल्या माणसाला बत्तीवाला. पुढे वाफेची इंजिनं भंगारात गेली, बत्तीघराला कुलूप लागलं, नोकरी संपली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची स्वतःची बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे बत्तीवाले" म्हणायची.

आता तो घराच्या मागच्या खोलीत बसून छोट्या इंजिनांना दिवे बसवायचा. गावात हौशी लोकांचं एक मंडळ होतं. जुनी इंजिनं हातभर लांबीची, पितळेची, चाकं फिरणारी, अशी हुबेहूब बनवायची, हा त्यांचा नाद. इंजिन कुणीही बनवो, दिव्यांसाठी ते बत्तीवाल्याकडे यायचं.

काम चिकट होतं. हरभऱ्याएवढी पितळी पेटी घडवायची. तिला वर धूर जायचं टोपण, मागे तारेची कडी, पुढे काचमण्याचं भिंग. आत मोहरीएवढा विजेचा दिवा. तार केसासारखी. ती दिवा अडकवायच्या ब्रॅकेटच्या आतून, इंजिनाच्या पोटातून मागे न्यायची आणि बॅटरी कोळशाखाली लपवायची. कथलाचा डाख एकदाच आणि नेमका द्यायचा. दुसऱ्यांदा तापवलं की पेटीचा कोपरा सुटतो आणि सगळं पहिल्यापासून. विजेच्या दिव्याला तो तपकिरी-पिवळ्या व्हार्निशचा हात द्यायचा, कारण तेलाची ज्योत पांढरी नसते. कुणी पांढऱ्या दिव्यांचं इंजिन दाखवलं की म्हणायचा, "रुग्ण कुठे ठेवलाय? दवाखानाच दिसतोय हा."

पण त्याचा खरा हट्ट होता जागेचा. दिवा कुठे लटकतो त्यावरून दूरच्या सिग्नलवाल्याला गाडी कळायची. पुढे खाली दोन बाजूंना दोन दिवे म्हणजे मेल. धुराड्यापुढे, वर, अगदी मधोमध एक दिवा म्हणजे सगळीकडे थांबणारी पॅसेंजर. बत्तीघराच्या भिंतीवर या सगळ्याचा रंगवलेला फळा होता आणि तो फळा बत्तीवाल्याच्या डोक्यात अजून जसाच्या तसा टांगलेला होता. मंडळातल्या कुणाचा दिवा जरा सरकलेला दिसला की तो चारचौघांत बोट ठेवायचा. लोक ऐकून घ्यायचे. त्याचं बोलणं झोंबायचं, पण चुकायचं नाही.

एके दुपारी वहिनी आल्या. शेडमधल्या एका फायरमनच्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्याच्या, या बायको. फायरमन चणीने एवढासा, म्हणून शेडमध्ये त्याचं नाव बुटक्या. तो मागच्याच वर्षी गेला. वहिनींच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं इंजिन होतं.

"भावजी, यांनी हे शेवटपर्यंत करत आणलं. दिवे तेवढे राहिलेत. भोक पाडून ठेवलंय त्यांनी."

"ठेवून जा. मंडळाच्या प्रदर्शनात मांडू. बुटक्या असता तर म्हणाला असता, माझीच गाडी."

"एवढं केलंत तर फार झालं," वहिनी म्हणाल्या आणि जाताना त्यांनी चादरीवरून हात फिरवला.

बत्तीवाल्याने भिंग लावून इंजिन पाहिलं. काम प्रामाणिक होतं. एकेक रिव्हेट जागेवर. फक्त दिव्याचं भोक धुराड्यापुढे मधोमध नव्हतं. नखभर खाली होतं आणि एका बाजूला गेलेलं. त्याने जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. शेवटी शेवटी हात कापत असणार बिचाऱ्याचा.

त्याने ते भोक बुजवलं. भोकाच्या मापाची पितळी तार आत ठोकली, डाख दिला, कानस मारली, काळा रंग लावला, बोटाला लागणार नाही असं सपाट केलं. मग फळ्यावर होतं तिथे, वर मधोमध, नवं भोक पाडून दिवा बसवला. बुजवण्याच्या कामाला दिव्याहून जास्त मेहनत पडली. म्हणून चहाच्या वेळी बायकोला त्याने ते मुद्दाम सांगितलं.

"मेलेल्या माणसाची चूक झाकली. कुणाला पत्ता लागायचा नाही."

बायको कप पुसत होती. "वहिनींना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? दिव्याची जागा त्या सांगणार मला?"

"सांगणार नाहीत. विचारलंत का, एवढंच म्हणते."

"तू आपला चहा गाळ."

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. दिवे दिसावेत म्हणून खिडक्यांना पडदे ओढले होते. मंडळाचे प्रमुख म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांनी बुटक्याच्या इंजिनाला पहिल्या टेबलावर जागा दिली. वरचा दिवा तेलाच्या ज्योतीसारखा मऊ पिवळा जळत होता. बत्तीवाला इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशेजारी उभा होता. कुणी विचारलंच तर सांगायला.

वहिनी आल्या. पहिल्या टेबलापाशी थांबल्या, बघितलं आणि पुढे गेल्या. दुसऱ्या टेबलावर एकेक इंजिन वाकून पाहू लागल्या.

"वहिनी, अहो पुढे कुठे? ही काय तुमची गाडी!"

त्या परत आल्या. चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

"ही? आमची बत्ती खाली होती भावजी. एका अंगाला."

मास्तर तिथेच होते. बत्तीवाल्याने त्यांना सगळं फुशारकीने आधीच ऐकवलं होतं. ते मोठ्याने म्हणाले, "बरोबर, खालीच होती! तीच तर फायरमनसाहेबांची चूक. आमच्या बत्तीवाल्यांनी अशी दुरुस्त केली की डाग दिसायचा नाही. टाळ्या द्या बरं यांना!"

दोघाचौघांनी टाळ्या दिल्या. एकजण म्हणाला, "बत्तीवाल्यांच्या तावडीतून मेलेलासुद्धा सुटत नाही." लोक हसले. वहिनीही ओठांपुरतं हसल्या. "छान झालंय," म्हणाल्या.

मास्तर माणसांना घेऊन पलीकडे गेले. मग वहिनी हळू आवाजात बोलल्या.

"चूक नव्हती ती. त्यांचा हात वर पोचायचा नाही. टाचा उंचावून दिवा अडकवताना एकदा पाय घसरून पडले, खांदा निखळला. मग शेडच्या लोहाराने त्यांच्या इंजिनाला हातभर खाली दुसरं ब्रॅकेट मारून दिलं. वरच्यांना न विचारता. सिग्नलवाल्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांनीही चालवून घेतलं."

बत्तीवाल्याने वरच्या दिव्याकडे पाहिलं.

"आमची खोली रुळांच्या वळणावर. तिन्हीसांजेला गाड्या समोरून यायच्या. बाकी पॅसेंजरांचा दिवा वर मधोमध, यांचा तेवढा खाली नि बाजूला. तो दिसला की मी स्टोव्ह पेटवायची. ते हातपाय धुऊन येईतो गरम गरम पानात पडायचं." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तुम्हाला ठाऊकच असेल म्हणून मी बोलले नाही. बत्त्या तुमच्याच हातून जायच्या ना."

बत्तीवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बत्त्या त्याच्याच हातून जायच्या, हे खरं. तेल भरून, वात कातरून, काच लखलखीत पुसून तो त्या बत्तीघराच्या खिडकीतून बाहेर द्यायचा. खिडकीपलीकडे त्या कुठे, कशा लागतात, हे बघायला तो एकदाही उठून गेला नव्हता. त्याला तो फळा माहीत होता. बुटक्या खिडकीशी आला की तो म्हणायचा, "स्टूल देऊ का रे?" रांगेतले खिदळायचे. रोजचा विनोद, रोजचा हशा.

त्याला विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलं. "स्टुलाचं सांगायचा का तो घरी?"

"सांगायचे. हसून सांगायचे." वहिनींनी चष्मा परत लावला. "मला नाही हसू यायचं."

टेबलावर दिवा जळत होता. रंग ज्योतीचा, भिंग स्वच्छ, जागा फळ्याप्रमाणे. बत्तीवाल्याने कोळसा उचकटून बॅटरीची तार सोडली. मास्तर लांबून ओरडले, "अहो, विझवलीत का?"

"काम चुकलंय," बत्तीवाला म्हणाला. त्याच्या मानाने ते फारच हळू होतं, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, या वेळी सभागृहाला ऐकू जाईल असं. "फायरमनचं बरोबर होतं. चूक माझी आहे." टाळ्या देणारे पडद्यांकडे बघू लागले.

घरी इंजिन पाहून बायकोने काय झालं ते ओळखलं. तिने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. टोचून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बुजवलेलं भोक उघडणं सोपं नव्हतं. इतकं चांगलं बुजवलं होतं की त्याचं त्यालाच सापडेना. बोट फिरवलं, नख फिरवलं. शेवटी खिडकीत तिरप्या उन्हात धरल्यावर रंगाची एक फिकट कड दिसली. डाख वितळवायला पुन्हा तापवायचं तर आजूबाजूचे बुटक्याचे रिव्हेट सुटणार. म्हणून उष्णता न लावता त्याने हातानेच बारीक ड्रिल फिरवून तार कण कण करून काढली. तीन ड्रिलं मोडली. दिवा काढताना पेटीचा कोपरा सुटला, म्हणून नवी पेटी घडवली. तोवर आठवडा सरला.

राहिलं वरचं भोक. ते त्याने बुजवलं, कानस मारली, पण रंगाची डबी उघडून परत मिटली. काळ्या इंजिनावर वर मधोमध पिवळा पितळी ठिपका तसाच राहिला.

तिन्हीसांजेला तो वहिनींच्या खोलीवर गेला. रूळ उखडून कधीच नेले होते, वळण मात्र होतं. तिथून आता रस्ता जात होता. त्याने इंजिन खिडकीच्या फळीवर ठेवलं, तोंड आत करून, आणि तार जोडली. हातभर खालची बत्ती लागली, एका अंगाला.

वहिनी खाटेवर बसून बघत राहिल्या.

"वर ते पिवळं काय?"

"मी पाडलेलं भोक."

"रंग लावून टाका की."

"नको. दिसू दे."

वहिनींनी मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नाही. त्याने सांगायचं म्हणून एक वाक्य वाटेत जुळवलं होतं, स्टुलाबद्दलचं. ते सांगायचं सोडून तो इंजिनाखालची फळी पुसत बसला. तेवढ्यात वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दिव्याकडे बघत बघतच आत गेल्या. आतून काडी ओढल्याचा आवाज आला, मग पंप मारल्याचा, मग स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा.

"हातपाय धुऊन घ्या," त्या आतून म्हणाल्या.

ते आपल्याला म्हटलं की कुणाला, हे बत्तीवाल्याला कळलं नाही. पाटावर बसायची आपली लायकी नाही एवढं त्याला कळत होतं. तो उठला, चपलांपर्यंत गेला. मग न सांगता पळणं हे आणखी एक काम चुकवणं झालं असतं, म्हणून परत आला आणि मोरीत जाऊन त्याने हात धुतले. कितीतरी वेळ धुतले.